आंतरमहाविद्यालयीन काव्यवाचन स्पर्धा: कविता निवडण्यापासून माइकसमोर उभं राहण्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, म्हणजे 27 फेब्रुवारीला, आंतरमहाविद्यालयीन काव्यवाचन स्पर्धा आहे. मान्यवर कवीची एक कविता पाठ म्हणायची, वेळ 4+1 मिनिटं. हाताशी तीन आठवडे आहेत. कविता कशी निवडावी, आवाज बारीक आहे त्याचं काय करावं आणि मध्येच विसरलं तर काय, हे विचारलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सभागृहातल्या माणसाला तुमची कविता एकदाच ऐकू येणार आहे. वाचकाला ओळ कळली नाही तर तो मागे जाऊन पुन्हा वाचतो. श्रोत्याला ती सोय नाही, आणि परीक्षकही त्या पाच मिनिटांपुरता श्रोताच असतो. कविता कोणती घ्यायची, श्वास कुठे घ्यायचा, कोणत्या शब्दावर भर द्यायचा, हात हलवायचा की नाही, या सगळ्यांचं उत्तर 'पहिल्याच ऐकण्यात अर्थ पोचतो का' या एका कसोटीवर मिळतं. बक्षीस न मिळालेली बहुतेक सादरीकरणं आवाजामुळे मागे पडत नाहीत. सादर करणाऱ्यालाच ओळीचा अर्थ नीट लागलेला नसतो, तिथे ती पडतात.

परिपत्रक नीट वाचा

काव्यवाचन, काव्यपठण, अभिवाचन, काव्यगायन हे शब्द आयोजक सैलपणे वापरतात. कागद हातात चालतो का, चाल लावलेली चालते का, वाद्य किंवा पार्श्वसंगीत चालतं का, कवितेआधीचं निवेदन वेळेत धरतात का, हे संयोजकांना फोन करून विचारून घ्या. 4+1 म्हणजे बहुधा चौथ्या मिनिटाला पहिली घंटा आणि पाचव्याला दुसरी. दुसऱ्या घंटेनंतर कुठे गुण कापतात, कुठे थेट थांबवतात. तुम्ही मात्र तयारी साडेतीन मिनिटांची करा. पहिली घंटा वाजली की सवय नसलेला माणूस दचकतो आणि शेवटचं कडवं घाईने उरकतो. नेमकं तेच कडवं परीक्षकाच्या कानात शेवटपर्यंत राहतं.

किती ओळी बसतील याचा अंदाज असा: 16 मात्रांची (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन) एक ओळ शांतपणे म्हटली तर साधारण 4 सेकंद जातात. कडव्यांमधले विराम धरून साडेतीन मिनिटांत 40 ते 45 ओळी होतात. ओवीसारखी आखूड ओळ असेल तर थोड्या जास्त, लांब ओळींचा मुक्तछंद असेल तर बऱ्याच कमी. कविता याहून मोठी असेल तर मधल्या ओळी उडवू नका, पूर्ण कडवी निवडा, आणि निवेदनात 'काही कडवी' असं स्पष्ट म्हणा.

निवड

चांगली कविता आणि ऐकायला चांगली कविता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिचा अर्थ शब्दांच्या कागदावरच्या मांडणीवर किंवा दूरच्या संदर्भांवर उभा आहे, ती वाचायला कितीही सुंदर असली तरी मंचावर निसटते. जिच्यात एक बोलणारा आहे, तो कुणाशी तरी बोलतो आहे आणि शेवटाकडे जाताना त्याच्यात काही बदलतं, अशी कविता शोधा. सुरुवात आणि शेवट एकाच भावात असेल तर चार मिनिटं तो भाव धरून ठेवणं अनुभवी नटालाही जड जातं. स्त्रीवर अन्याय, शेतकऱ्याची व्यथा, आई हे विषय प्रत्येक स्पर्धेत दहा जण आणतात. विषयाबद्दल तक्रार नाही, पण त्यावरची नेहमीचीच कविता आणलीत तर परीक्षक नकळत आधीच्या स्पर्धकाशी तुलना करतो. त्याच कवीची कमी ऐकलेली कविता काढा. ग्रंथालयात जाऊन एकेका कवीचा पूर्ण संग्रह चाळला की ती सापडते.

संहिता मोबाइलवरून घेऊ नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कवितांमध्ये ओळी गळलेल्या असतात, शब्द बदललेले असतात, आणि अनेकदा कवीचं नावच भलतं असतं. मान्यवर कवीच्या नावाखाली दुसऱ्याच कुणाची कविता म्हटली गेली, तर मराठीचे प्राध्यापक असलेले परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतात. छापील संग्रह उघडा, कविता हाताने उतरवून घ्या आणि एकदा पडताळा.

आधी अर्थ, मग पाठांतर

पहिले चार दिवस निवडीला आणि संहितेला द्या. पुढचे चार दिवस पाठांतर मुळीच करू नका. अर्थ न लावता पाठ केलं की जी चाल जिभेवर बसते ती नंतर सुटत नाही. 'श्रावणमासी हर्ष मानसी' म्हणायला सांगा, शाळेत शिकलेला जवळजवळ प्रत्येक जण झोका घेत म्हणतो. त्या झोक्यात 'क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे' या ओळीतली गंमत नाहीशी होते. दोन 'क्षणात' एकमेकांसमोर उभे आहेत. पहिल्यानंतर सर येते, दुसऱ्यानंतर आभाळ उघडतं. दुसरा 'क्षणात' किंचित थांबून, नव्या आश्चर्याने आला तरच श्रोत्याला ऊन दिसतं.

चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढा: कोण बोलतंय? कुणाशी? आत्ताच का? आणि कुठल्या ओळीपासून त्याचं मन वळतं? केशवसुतांची 'तुतारी' घ्या.

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने

नव्वद टक्के मुलं पहिल्या शब्दापासून गर्जतात. पण पहिल्या ओळीत तुतारी हातात आलेलीच नाही, ती मागितली जाते आहे. मागणाऱ्याच्या आवाजात निकड असते, ललकारी नसते. जोर तिसऱ्या ओळीत, 'भेदुनि टाकिन' इथे आहे, आणि पहिल्या ओळीतच सगळा दम खर्च केला तर तिथे चढायला जागाच उरत नाही. दुसरं म्हणजे हे चारही ओळींचं मिळून एक वाक्य आहे. 'जी' आणि 'जिच्या' दोन्ही तुतारीकडे बोट दाखवतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर खाली टाकला तर चार तुटक वाक्यं ऐकू येतात आणि 'किंकाळी' कुणाची हेच कळत नाही. सूर 'किंकाळीने' या शब्दापर्यंत तरंगता ठेवा, तिथे उतरवा.

यावरून श्वासाचा नियम निघतो: श्वास अर्थ जिथे थांबतो तिथे घ्यायचा, ओळ जिथे मोडते तिथे नाही. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया' यात यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात जुळतं, म्हणून कान तिसऱ्यानंतर थांबायला बघतो. तिथे थांबलात तर 'ठेवोनिया' एकटं लोंबकळतं. विराम 'विटेवरी' नंतर द्या आणि 'कर कटावरी ठेवोनिया' एका दमात म्हणा.

अक्षरगणवृत्तात, म्हणजे जिथे ओळीतली अक्षरं आणि त्यांचा लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ) क्रम ठरलेला असतो तिथे, धोका निराळा. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात हे 12 अक्षरांचं वृत्त, एक लघु आणि दोन गुरू असा गट चार वेळा. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ गटागटाने तोडली तर 'मना सज्' आणि 'जना भक्' असे तुकडे पडतात. वृत्त कवीने आधीच शब्दांत बसवलेलं आहे, तुम्ही ते वाजवून दाखवायची गरज नाही. ऱ्हस्व-दीर्घ अचूक ठेवा, शब्द अखंड ठेवा. लय आपोआप ऐकू येते.

आता कवितेची प्रत मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून लिहा. लहान विरामाला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन. प्रत्येक वाक्यात फक्त एक शब्द अधोरेखित करा, ज्याच्यावाचून अर्थ बदलेल असा. तीन-तीन शब्द अधोरेखित व्हायला लागले तर अर्थ अजून लागलेला नाही असं समजा. विशेषणांवर भर देण्याची सवय फार असते. 'भयाण', 'उदास', 'हळुवार' हे शब्द आपलं काम स्वतः करतात, त्यांना रंगवून म्हटलं की भाव खोटा वाटू लागतो. भर बहुधा क्रियापदाला किंवा विरोध दाखवणाऱ्या शब्दाला हवा असतो.

पुनरुक्तीकडे खास लक्ष द्या. बहिणाबाईंच्या 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' यात 'अरे' आहे, म्हणजे समोर कुणीतरी आहे. तो कोण हे ठरवा: लग्न होऊन आलेली सून, कामाला कंटाळलेला मुलगा, की स्वतःचंच मन? ते ठरलं की दुसरा 'संसार' पहिल्यासारखा येत नाही.

बारीक आवाज आणि उच्चार

बारीक आवाज ही अडचण माइकमुळे जवळजवळ संपते. आवाज जाड करायचा प्रयत्न करू नका. घसा आवळून काढलेला आवाज दुसऱ्या मिनिटाला बसतो आणि खोकला येतो. खरी अडचण वेगळी आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, 'नाही' सुद्धा शेवटीच येतं, आणि नेमका श्वासही तिथेच संपतो. शेवटचा शब्द विझला की होकार होता की नकार हेसुद्धा श्रोत्याला कळत नाही. यावर सराव असा: पोटातून श्वास घ्या, 'स्‌' हा आवाज एकसारखा 20 सेकंद सोडा, रोज पाच वेळा. मग कवितेच्या दोन ओळी एका श्वासात म्हणा आणि शेवटचा शब्द पहिल्याइतकाच स्पष्ट येतो का ते बघा. फोन तोंडाजवळ न धरता तीन मीटर दूर ठेवून ध्वनिमुद्रण करा. जवळ धरलेला फोन तुमचे दोष लपवतो.

उच्चारांत परीक्षक काय ऐकतात? च, ज, झ यांचे दोन उच्चार: 'चंद्र' मधला च तालव्य (जीभ टाळूला लावून, 'च्य' सारखा), 'चांदणं' मधला दंततालव्य (दातांजवळून, 'त्स' सारखा). 'माझी' आणि 'माझा' यांतला झ एकसारखा नाही. 'जन' आणि 'जण' यांत फरक फक्त न-ण चा नाही, ज चाही आहे. ळ चा ल, ण चा न होत असेल तर तेवढे शब्द निवडून रोज वीस वेळा म्हणा. जुन्या छपाईत 'येतें', 'क्षणांत' असे अनुस्वार दिसतात. ते नाकात म्हणायचे नसतात. जुन्या छंदांत शब्दाच्या शेवटचा अ हलकासा उच्चारावा लागतो. 'कर कटावरी' ची सहा अक्षरं तेव्हाच भरतात.

बोलीतली कविता घेतलीत तर ती बोली ऐकून शिका. बहिणाबाईंच्या त्याच कवितेत 'तव्हा मियते भाकर' आहे. 'तेव्हा मिळते' म्हटलं तरी आठ अक्षरं भरतात, त्यामुळे चूक कानाला खटकत नाही, पण खानदेशची लेवा बोली निघून जाते, आणि ती कविता त्या बोलीतच जगते. बोलीचा सूर उगाच ठसकेबाज करणं हा उलटा दोष. बोलीला गमतीची गोष्ट समजून बोललं की मूळ कवितेचा अपमान होतो, आणि त्या भागातला परीक्षक समोर असेल तर त्याला ते लगेच जाणवतं.

पाठांतर आणि विसरणं

पाठांतराला सहा-सात दिवस पुरतात, कारण अर्थ लावताना निम्मी कविता तोंडी आलेलीच असते. शेवटच्या कडव्यापासून मागे या: आधी शेवटचं, मग शेवटची दोन, मग तीन. नेहमीच्या पद्धतीत पहिलं कडवं शंभर वेळा आणि शेवटचं दहा वेळा म्हटलं जातं, म्हणून माणूस पुढे जाईल तसा डळमळतो. उलट पद्धतीने तुम्ही दर वेळी जास्त पक्क्या भागाकडे जाता. प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठ्या विस्कटा, जी हाती येईल तिथून सुरू करा. विसरण्यावरचा हाच खरा उपाय आहे. मंचावर विसरणं बहुधा कडव्यांच्या सांध्यावर होतं, विशेषतः धृपद (कडव्यांनंतर पुन्हा पुन्हा येणारी ओळ) असलेल्या कवितेत, जिथे तीच ओळ तीन वेगळ्या वाटांना फुटते. तिथे प्रत्येक धृपदानंतर पुढे काय येतं याचा एक चित्ररूप दुवा ठरवून ठेवा.

प्रत्यक्षात अडकलातच तर 'सॉरी' म्हणू नका, मागची ओळ पुन्हा म्हणू नका, वर छताकडे बघू नका. नजर आहे तिथे ठेवा, एक पूर्ण श्वास घ्या. दोन-तीन सेकंद श्रोत्याला विरामच वाटतात. ओळ आली नाही तर पुढच्या कडव्याच्या पहिल्या शब्दावर जा. कविता तोंडपाठ असलेला परीक्षक सोडला तर कुणाला कळणार नाही, आणि त्यालाही तुमचं सावरणं दिसेल.

शेवटच्या आठवड्यात ज्याने कविता वाचलेली नाही असा मित्र किंवा मैत्रीण समोर बसवा. एकदाच म्हणून दाखवा. मग विचारा: कोण बोलत होतं, काय झालं, कोणते शब्द कळले नाहीत. 'छान झालं' हे उत्तर घेऊ नका. जे शब्द कळले नाहीत तिथे वेग कमी करा. हा प्रयोग तीन वेगळ्या माणसांवर करा. स्पर्धेआधीच्या दोन दिवसांत काहीही बदलू नका. आदल्या रात्री सुचलेला नवा विराम मंचावर हमखास पाठांतर मोडतो.

माइक, हात, कपडे

माइक तोंडापासून चार बोटं ते वीतभर अंतरावर, हनुवटीच्या किंचित खाली आणि जरा बाजूला ठेवा. थेट समोर धरला की प, फ, ब, भ ला धप्प असा आवाज येतो. आवाज चढेल त्या ओळीला मान दोन इंच मागे घ्या, कुजबुजीला पुढे या. माइकची जाळी मुठीत धरू नका, स्पीकरच्या समोर जाऊ नका, दोन्हीने शिट्टी वाजते. स्टँड उंच-बुटका असेल तर बोलणं सुरू करण्याआधी शांतपणे जुळवून घ्या. फुंकर मारून किंवा टिचकी मारून तपासू नका.

हातांबद्दल माझं मत ठाम आहे: आभाळ म्हटलं की हात वर, हृदय म्हटलं की छातीवर, हे पूर्ण बंद करा. शब्द जे सांगतो तेच हाताने सांगितलं की श्रोता बघत बसतो, ऐकत नाही. हात सैल सोडा. चार मिनिटांत दोन-तीन हालचाली अर्थातून आपोआप येतील, त्या पुरेत. नजरेसाठी सभागृहात तीन जागा निवडा, डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि नजर वाक्य संपल्यावर हलवा, मध्येच नाही. परीक्षकांकडे एकटक बघू नका, त्यांना लिहायचं असतं. वाजणाऱ्या बांगड्या, लोंबते कानातले, करकरणारे बूट टाळा. माइक ते सगळं उचलतो.

त्या दिवशी

फार गार पाणी नको, साधं पाणी घोट घोट घ्या. सादरीकरणाच्या आधी तासभर दूध, दुधाचा चहा, तळकट खाणं टाळलेलं बरं. घशात चिकटा आल्यासारखं वाटतं. क्रमांक चिठ्ठीने ठरतो. पहिला आला तर सभागृह अजून स्थिरावलेलं नसतं, म्हणून उभं राहिल्यावर कुजबुज थांबेपर्यंत थांबा. तुमच्याआधी कुणी तीच कविता म्हटली तर तयारी बदलू नका, निवेदन मात्र आणखी आखूड करा.

निवेदन 10-15 सेकंदांचं: कवितेचं नाव, कवीचं नाव, गरज असेल तर एक वाक्य. 'आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक, माझ्या सुज्ञ श्रोतेहो' यात वीस सेकंद आणि सगळ्यांचं लक्ष दोन्ही जातं. कवितेचा सारांश आधी सांगू नका. नाव सांगितल्यावर दोन सेकंद थांबा, मग बोलणारी व्यक्ती होऊन सुरुवात करा. शेवटच्या ओळीनंतरही दोन सेकंद तिथेच राहा, मग 'धन्यवाद'. शेवटचा शब्द आणि धन्यवाद एकाच श्वासात आले की कविता अर्ध्यात कापल्यासारखी वाटते.

गुणपत्रिकेवर बहुधा निवड, आशयाची समज, उच्चार, आवाजातले चढउतार, पाठांतर, देहबोली आणि वेळ असे रकाने असतात. निकालानंतर परीक्षकांना भेटून 'माझा अर्थ कुठे पोचला नाही?' एवढंच विचारा. 'माझं कसं झालं?' याला सगळे गोड उत्तर देतात.

आणि एक राहिलं. काही ठिकाणी अंतिम फेरीत दुसरी कविता मागतात, आणि ते आयत्या वेळी कळतं. म्हणून भाव आणि लय दोन्हींत वेगळी अशी 20-25 ओळींची एक कविता याच पद्धतीने तयार ठेवा. पहिली वृत्तबद्ध असेल तर ही मुक्तछंदातली घ्या, पहिली गंभीर असेल तर ही मिश्कील. तिला तिसऱ्या आठवड्यातले रोजचे 20 मिनिटं पुरतील.